तिकिटांचे पॉइंट्स कुठून आले

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "कार्डावर कर्ज काढून आमची तिकिटं नकोत," आणि फोन आईकडे दिलात. पतसंस्थेत इतकी वर्षं वसुलीचं काम केल्यावर तुम्हाला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. थकलेल्या हप्त्यांची घरं तुम्ही आतून पाहिली आहेत. पण तुम्हाला इकडे अमेरिकेत आणायची तिकिटं मी कर्ज काढून नाही, तर कार्डावरच्या खर्चापोटी बक्षीस म्हणून मिळणाऱ्या पॉइंट्सवर काढतेय. म्हणून फोनवर वाद न घालता सगळं लिहून कळवते. हिशेब तुम्हीच तपासा.

आधी व्याजाचं बोलू. इथल्या क्रेडिट कार्डांचं व्याज वर्षाला सरासरी वीस टक्क्यांच्या वर आहे, तुमच्या पतसंस्थेलाही लाज वाटेल इतकं. पण महिन्याचं पूर्ण बिल मुदतीत भरलं तर खरेदीवर एक सेंटही व्याज लागत नाही. आमच्या दोघांच्या कार्डांचं पूर्ण बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप जातं. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून जो आकडा छापलेला असतो, त्याकडे आम्ही बघतही नाही. शंभर डॉलर खर्च केले की पॉइंट्सच्या रूपाने साधारण दोन-चार डॉलर परत येतात. तेच शंभर वर्षभर थकवले तर वीसहून जास्त जातात. ज्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही त्याने या वाटेला जाऊच नये, असं मी इथे नव्याने येणाऱ्या आपल्या मुलामुलींना आवर्जून सांगते.

मग बँकेला हे परवडतं कसं, असं तुम्ही विचारणार. कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराला शंभर डॉलरमागे दोन डॉलरच्या आसपास सोडावे लागतात. त्यातला बराचसा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो, आणि त्यातूनच आपल्याला पॉइंट्स मिळतात. शिवाय थकबाकीदारांचं व्याज आहेच. ही दुसरी गोष्ट मला खरंच टोचते. दुकानदाराची तरी झीज कमी व्हावी म्हणून आमच्या लहानशा वाण्याच्या दुकानात मी रोखच देते.

आता कार्ड कसं निवडलं ते. बहुतेक जण आधी कार्ड घेतात आणि मग त्या पॉइंट्सवर कुठे जाता येईल ते शोधतात. मी उलटं केलं. आपल्याला न्यू जर्सी ते सांगली एवढाच रस्ता हवा आहे, मालदीव नको. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. युनायटेड, लुफ्थान्सा, एअर कॅनडा हे सगळे त्याच गटातले, आणि गटातल्या एका कंपनीचे पॉइंट्स दुसरीच्या विमानात चालतात. एअर कॅनडाच्या योजनेचं नाव एरोप्लॅन. तिच्या पॉइंट्सवर एअर इंडियाचं तिकीट निघतं आणि इंधनाचा अधिभार लागत नाही. सरकारी कर आणि ३९ कॅनेडियन डॉलर एवढंच रोख द्यावं लागतं. कित्येक योजनांत हा अधिभारच शेकड्यांनी डॉलर असतो आणि 'फुकट' तिकीट चांगलंच महागात पडतं.

म्हणून ज्यांचे पॉइंट्स एरोप्लॅनमध्ये वळवता येतात अशीच दोन कार्डं ठेवली. एक चेस बँकेचं सफायर प्रिफर्ड, वर्षाला ९५ डॉलर फीचं. दुसरं अमेक्सचं, म्हणजे अमेरिकन एक्स्प्रेसचं, गोल्ड. त्याची फी बरीच जास्त आहे, ३२५ डॉलर, पण सुपरमार्केटच्या किराण्यावर आणि हॉटेलातल्या जेवणावर डॉलरमागे चार पॉइंट्स मिळतात आणि आमचा खर्च तिथेच होतो. भारतीय किराण्याची लहान दुकानं बँकेच्या लेखी बऱ्याचदा सुपरमार्केटमध्ये धरली जात नाहीत आणि कॉस्टको या मोठ्या घाऊक दुकानात अमेक्स चालतच नाही. तेव्हा फी वसूल होते का, ते दरवर्षी आपल्या खर्चाचा कागद समोर घेऊन बघायचं. ज्या वर्षी होणार नाही, त्या वर्षी कार्ड बंद.

पॉइंट्सचा मोठा लोंढा मात्र रोजच्या खर्चातून येत नाही. नवीन कार्डावर पहिल्या काही महिन्यांत काही हजार डॉलर खर्च केले की एकदम साठ-सत्तर हजार पॉइंट्स मिळतात. गाडीचा विमा आणि मुलांच्या पाळणाघराची फी त्याच महिन्यांत येईल असं बघून आम्ही कार्डं घेतली. जास्तीची खरेदी काही केली नाही. आणि आता थांबलो आहोत. दोन वर्षांत पाच कार्डं घेतली असतील तर चेस सहसा नवीन देत नाही. शिवाय पुढच्या वर्षी घराचं कर्ज काढायचं आहे, त्याआधी नव्या कार्डांच्या चौकशांनी पत कमी करून घ्यायची नाही. (पत म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगावं!)

फक्त एकाच विमान कंपनीचं कार्ड का नाही घेतलं, तर जेट एअरवेज आठवा. एप्रिल २०१९ मध्ये विमानं बंद पडली. माइल्स, म्हणजे तिचे पॉइंट्स, नाव बदलून राहिले, पण ज्या विमानांसाठी साठवले होते ती उडेनात. विस्ताराही २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. बँकेकडचे पॉइंट्स वळवेपर्यंत कुठल्याच कंपनीला बांधलेले नसतात. एकदा वळवले की परत येत नाहीत, म्हणून सीट दिसल्याशिवाय मी वळवतच नाही.

सीट मिळणं हेच खरं जिकिरीचं आहे. भागीदार कंपनीच्या पॉइंट्सवाल्यांसाठी एका विमानात दोन-चार जागाच सोडतात, कधी तेवढ्याही नाहीत. म्हणून मी तुम्हाला सारखी विचारतेय की फेब्रुवारीऐवजी मार्च चालेल का, मंगळवार चालेल का. आई, तुझे गुडघे बघता दिल्लीहून पुढचे पंधरा तास बसून काढणं मला मान्य नाही. बिझनेस क्लासमध्ये सीट पलंगासारखी पूर्ण आडवी होते, झोपून येता येतं. ते तिकीट रोखीने मी घेतलं नसतं आणि तुम्ही घेऊही दिलं नसतं.

आणखी एक. पॉइंट्स साठवून ठेवण्यासारखी ठेव नाही. त्यांच्यावर व्याज मिळत नाही, उलट कंपन्या अधूनमधून तिकिटाचा भाव वाढवतात आणि साठा तेवढाच राहून त्याची किंमत उतरते. "पुढच्या वर्षी बघू" असं तुम्ही गेली काही वर्षं म्हणताय. यंदा ते मी ऐकणार नाही.

शनिवारी फोन करेन तेव्हा दोघांचे पासपोर्ट हाताशी ठेवा. नाव त्यावर आहे अगदी तसंच तिकिटावर लागतं, आणि बाबा, आईच्या पासपोर्टवर तिच्या वडिलांचं नाव आहे की तुमचं तेही बघा. व्हीलचेअर मी आधीच मागवून ठेवेन, तिला पैसे पडत नाहीत, तेव्हा आई, "मी चालेन" म्हणू नकोस. बाबा, हिशेबात कुठे शंका असेल तर कागदावर लिहून ठेवा, एकेक करून बोलू.

तुमची लेक