पाण्याचं लिहिणार नव्हते

कर्वेनगर, पुणे
१२ जुलै

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

तुझा हंगेरीतल्या बालातोन तळ्यावरचा फोटो परवा रात्री आला. फोनवर बोलायला गेलं की तुझी घाई असते आणि माझं निम्मं राहून जातं, म्हणून हाताने लिहिते आहे. दादा पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. त्याने वाचलं तरी चालेल.

फोटो छान आहे. अकरा मुलं, पिवळ्या टोप्या, मधे तू, आणि मागे निनाद त्या फळीवर वल्हं घेऊन उभा. तू हसते आहेस, अगदी दात दिसेपर्यंत. असं हसताना तुला बरेच दिवसांत बघितलं नव्हतं. मग मी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पाणी तुझ्या कुठपर्यंत आलंय ते बघितलं. कमरेच्या वर आहे.

नाही, पाण्याचं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. आधी तुम्ही निघालात त्या रात्रीचं.

टॅक्सी खाली उभी होती, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून झाला होता आणि मी जिन्यात तुला म्हणाले, "पदरचे पैसे घालून, बिनपगारी रजा टाकून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायला निघालात!" 'दुसऱ्यांच्या' हा शब्द तोंडातून गेला आणि तुझा चेहरा दिसला. तू उलट बोलली नाहीस. वाकून नमस्कार केलास, दशम्यांचा डबा घेतलास आणि उतरलीस. निनादने बॅग उचलताना माझ्याकडे बघितलं नाही. तो मुलगा असं कधी करत नाही. त्या डॉक्टरांकडच्या तीन वर्षांत तुम्ही दोघांनी काय सोसलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तरी माझ्याकडून तो शब्द गेला. मला तसं म्हणायचं नव्हतं गं. मी स्वतः बत्तीस वर्षं दुसऱ्यांचीच मुलं शिकवली आणि एकाही दिवशी ती मला दुसऱ्यांची वाटली नाहीत. खरं सांगते, मला भीती वाटत होती ती त्या तळ्याची. ती बोलायची लाज वाटली आणि भलतंच बोलून बसले. माफ कर. निनादलाही हे वाचून दाखव.

तुझ्या वर्गातली गोष्ट मात्र मी चार जणींना सांगितली. हंगेरियन भाषेत 'तो' आणि 'ती' दोघांना मिळून एकच शब्द आहे, म्हणून ती मुलं इंग्रजीत "माय मदर, ही इज अ डॉक्टर" म्हणतात, हे किती गोड आहे! आपल्याकडे बरोब्बर उलटं. आपल्याला तीन-तीन लिंगं, त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुली खुर्चीला 'शी' आणि पंख्याला 'ही' म्हणायच्या. आणि खिशाला तिकडे 'झेब' म्हणतात, म्हणजे आपला जेबच की. तुर्कांबरोबर तिकडे गेला असणार.

एक सांगू? मूल बोलत असताना मधेच चूक दुरुस्त करू नकोस. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून आलं ते २००० साली. दहा वर्षांच्या मुली, एबीसीडीपासून सुरुवात. गो-वेंट-गॉन चालीवर म्हणून घ्यायचं, ते त्या खणखणीत म्हणायच्या. पण स्वतःचं वाक्य म्हटलं की वर्ग गप्प. एक मुलगी, दत्तवाडीतली, एकदा आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, आय कमिंग बाय बस." मी लगेच 'आय केम' असं फळ्यावर लिहून तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर ती इंग्रजीच्या तासाला बोलली नाही. ती बसने कुठून आली, कशाला आली, मी विचारलंच नाही. तू विचार. आधी मुलाचं सांगून होऊ दे, मग तेच वाक्य बरोबर करून सहज म्हणून दाखव. आणि फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ... बघ, लागले मी शिकवायला. तू तिथे शिक्षिका आहेस आणि मी इथे निवृत्त. राहू दे ते.

निनादने लगोरी शिकवली हे ऐकून मी एकटीच हसत बसले. काठावरचे सात चपटे दगड, आणि प्रत्येक दगड रचताना मुलांनी इंग्रजीत आकडा म्हणायचा. कुठून सुचलं त्याला! हे असते तर अख्ख्या सोसायटीला बोलावून सांगितलं असतं. मीही काही कमी केलं नाही. जोशीकाकूंना फोटो दाखवला, इस्त्रीवाल्याला दाखवला, "आमची मुलगी आणि जावई परदेशात इंग्रजी शिकवतात" असं बँकेतल्या बाईंनाही सांगून आले.

पण तूच म्हणालीस ना, बालातोन उथळ आहे? सत्त्याहत्तर किलोमीटर लांब आणि खोली सरासरी तीन मीटरच्या आसपास. तुम्ही आहात त्या दक्षिण काठाला तर बरंच आत चाललं तरी पाणी मांडीपर्यंतच. मग फोटोत कमरेच्या वर कसं? आणि तीन मीटर म्हणजे दहा फूट होतात, मुक्ता. तुझी उंची पाच फूट दोन इंच.

ते वादळाच्या दिव्यांचं सांगितलंस, ते बरं केलंस. काठावरचा दिवा मिनिटाला ४५ वेळा लुकलुकला तर वारा वाढणार, ९० वेळा लुकलुकला तर पोहायला बंदी. मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून टाळ्या वाजवून बघितलं. ४५ ला दोन टाळ्यांमधे श्वास घेता येतो. ९० ला हात दुखतात. तुला दुरून फरक कळेल ना? शंका आली तर मोजत बसू नकोस, सगळ्यांना घेऊन सरळ बाहेर ये.

आज १२ जुलै. तुला लहानपणी कितीदा सांगितलंय आणि तू कंटाळायचीस, तरी आज लिहिते. १९६१ साली मी सहा वर्षांची होते. नारायण पेठेतला वाडा. आदल्या रात्री जवान पानशेतच्या भिंतीवर वाळूची पोती रचत होते, हे आम्हाला कुणाला माहीत होतं? सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आई पोळ्या करत होती. अण्णांनी मला खांद्यावर टाकलं आणि पर्वतीकडे पळत सुटले. मला लोंढा आठवतच नाही. आठवते ती अण्णांच्या मानेची घामट कातडी, मी तिथे दोन्ही मुठी आवळल्या होत्या. आणि नंतरचा वास. आठवड्याने कोठी उघडली तर गव्हाला बोटभर मोड, आणि आईच्या लग्नाच्या ट्रंकेत साड्यांच्या जागी चिखलाची वडी. आईने ती वडी पाण्यात सोडवून एक हिरवा काठ बाहेर काढला आणि मग खाली बसली. शेजारची मंडळी गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेली, आम्ही आत्याकडे सदाशिवात.

म्हणून टिळक तलावावर चौथ्या दिवशी तू नाकातोंडात पाणी जाऊन रडलीस, तेव्हा मी तुला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं आणि परत पाठवलं नाही. बाई म्हणत होत्या, "दोन दिवस थांबा, सगळी मुलं रडतात." हेही म्हणाले. मी ऐकलं नाही. तू आठ वर्षांची होतीस, पाचव्या दिवशी सकाळी पोहण्याचा ड्रेस घालून दाराशी उभी होतीस. तो ड्रेस मी बोहारणीला दिला. मुक्ता, तुला पोहता येत नाही ते तुझ्यामुळे नाही. हे मला तुला कधीतरी सांगायचं होतं.

निनाद म्हणाला तुला शिकवतो. शीक. कमरेएवढ्या पाण्यातच शीक, तो हाताच्या अंतरावर असताना. मी नको म्हणणार नाही.

मुलं पाण्यात जाताना मोजत जा. दर पाच मिनिटांनी मोज, बाहेर आली की परत मोज. सिंहगडाच्या सहलीला मी एसटीत चढताना मोजायचे, उतरताना मोजायचे, देवटाक्यापाशी दोनदा मोजायचे. परत येताना एकदा एक कमी भरली आणि माझे पाय गेले. ती सीटखाली चप्पल शोधत होती. अकरा मुलं आहेत, तर बाहेर आल्यावर तेरा मोज. तू आणि निनाद धरून.

तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे इथे साडेबारा. मी जागी असते. फोन केला नाहीस तरी चालेल, तेरा भरले एवढं कळव.

तुझी
आई