धनुष्याला आवाज नसतो, म्हणून हे पत्र

संपादक महोदय,

रानडुकरांच्या उपद्रवाची पत्रे काजूच्या हंगामात आपल्याकडे ढिगाने येत असतील. माझ्या बागायतीत डुकरे शिरतात, असे मी लिहिले तर आमच्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला कोणीही ‘मग, त्यात नवल काय?’ म्हणेल. मला लिहायचे आहे ते रात्री राखणीच्या माळ्यावरून, म्हणजे मचाणावरून, मारलेल्या एका तीराबद्दल. माळा माझा होता, शिडी माझी होती आणि पहिल्या संध्याकाळी चहाही माझ्याच घरून गेला होता. हे सगळे मी वनरक्षकाला लेखी दिले आहे, तेव्हा लपवण्यासारखे काही उरलेले नाही.

मी ३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. निवृत्तीनंतर वडिलांची बागायत बघतो. वर उतारावर काजू, खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेने नारळ-सुपारीचे कुळागर, मधल्या पट्टीत सुरण, कणगी असे कंद, चार केळी. डुकराला यातले बहुतेक सगळे चालते. केळीचा गड्डा, कोवळ्या माडाचा कोंब, सुरणाचा कांदा. मार्च-एप्रिलात झाडाखाली पडलेला काजूचा बोंडू म्हणजे तर त्याला मेजवानीच. वडील राखणीला बसत तो माळा आंब्याला टेकवून बांधलेला आहे, जमिनीपासून बारा फुटांवर. दोरीला बांधलेला पत्र्याचा डबा, एक घोंगडी आणि पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक. ती बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि डुकरांना आचारसंहिता नसल्यामुळे ती नेमकी त्याच दिवसांत यायची. वडिलांच्या पश्चात मी ती सरकारजमा केली. मास्तरच्या हाताला खडूची सवय.

गेल्या हंगामात आमच्या वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, दोन तरुण माझ्याकडे आले. दोघेही माझे विद्यार्थी. एक बोटीवर नोकरीला आहे, त्याने अमेरिकेतून धनुष्य आणले होते. आपल्या डोळ्यांपुढे रामाचे धनुष्य येते, हे तसे नव्हे. दोन्ही टोकांना चाके, त्यांवरून फिरणाऱ्या दोऱ्या. ओढताना साठ पौंडांचा, म्हणजे सुमारे २७ किलोंचा जोर लागतो, पण दोरी पूर्ण मागे आली की हातावरचा भार एकदम उतरतो आणि नेम धरून थांबता येते. मी हातात घेऊन पाहिले. वस्तू सुरेख आहे, खोटे कशाला बोलू?

मी परवान्याचे विचारले, तर म्हणतो कसा, "सर, ही बंदूक न्हय. परवानो कित्याक जाय?"

त्याची बोट टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन बंदरात लागते. तिथल्या कोणा मित्राच्या रानात तो अशा शिकारीला बसला होता. त्याने सांगितलेले मी वर्गात बसल्यासारखे ऐकले. तिथे लोखंडी शिडीची बैठक झाडाला आवळतात, पंधरा-वीस फुटांवर. अंगाला पट्टा बांधल्याशिवाय वर बसायचे नाही, कारण अशा शिकारीत डुकरापेक्षा पडण्याचीच भीती मोठी. धनुष्य हातात घेऊन शिडी चढायची नाही, वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्यायचे. खाली घड्याळावर चालणारे यंत्र मका उधळते. दिवा हिरवा किंवा तांबडा आणि हळूहळू उजळणारा, कारण पांढऱ्या झोताने डुक्कर पळते. त्याची नजर अधू असते, पण नाक असे की वारा फिरला तर रात्र फुकट. तीर सोडायचा तो वीस पावलांच्या आत, जनावर थोडे पाठमोरे तिरके उभे असताना. तीराच्या शेपटाला इवलासा दिवा असतो, म्हणजे तो कुठे लागला ते अंधारातही दिसते.

आमच्याकडे रात्री मतलई वारा घाटाकडून खाली उतरतो. डुकरेही घाटाकडूनच उतरतात. माणसाचा वास त्यांच्यापर्यंत जात नाही, वाड्याकडे जातो. वडिलांनी माळ्याची जागा उगीच निवडली नव्हती, हे मला त्या पोराचे ऐकताना वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर कळले.

पण त्याच्या सांगण्यातला एक भाग त्यालाच नीट कळला नव्हता. डुकराचे काळीज हरणासारखे नसते. ते खाली, पुढच्या पायांच्या सांध्याला लागून असते. जरा मागे नेम गेला की तीर पोटात. मोठ्या नराच्या खांद्यावर तर कुर्च्यासारखी जाड ढाल असते. वरून मारताना कोन आणखी अवघड होतो. शिवाय चरबी आणि राठ केस जखम बुजवतात, रक्त जमिनीवर फारसे सांडतच नाही. म्हणून तिकडचे जाणते लोक तीर मारल्यावर बसून राहतात, मग दिवा घेऊन इंच इंच माग काढतात. शिकार तिथून सुरू होते, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या पोरांनी काजूच्या दारूच्या भट्टीवरचा बोंडूचा चोथा आणून माळ्याखाली पसरला. तीन रात्री काही आले नाही. चौथ्या रात्री आले. तीर लागला, डुक्कर व्हाळाच्या दिशेने गेले. अर्धा तास शोधून हे दोघे घरी जाऊन झोपले. मला सांगितले नाही, शेजाऱ्यांना सांगितले नाही. बंदूक असती तर सांगायची गरजच नव्हती. ठासणीचा बार निघाला की सगळा वाडा जागा व्हायचा. कोणाच्या माळ्यावरून, कोणत्या दिशेला, हे चहाच्या आधी सर्वांना ठाऊक व्हायचे आणि जनावराचा छडा लागेपर्यंत त्या अंगाला कोणी फिरकायचे नाही.

सकाळी साडेसहाला आमची शेजारीण वहिनी काजू गोळा करायला गेली, टोकाला खिळा लावलेली काठी आणि बादली घेऊन. करवंदीच्या जाळीतून ते बाहेर आले. कुशीत तीर, तोही अर्धा मोडलेला. तिला धडक बसली, ती बांधावरून खाली पडली. मनगट मोडले. मांडीला सुळा लागला असता तर मी हे पत्र वेगळ्या शब्दांत लिहीत असतो. चौथ्या दिवशी वासावरून ते डुक्कर व्हाळात मेलेले सापडले. मादी होती. आम्ही त्याच व्हाळाचे पाणी कुळागराला सोडतो.

आता त्या परवान्याविषयी. बंदुकीला परवाना लागतो आणि धनुष्याचे काय, हा वाद वेगळा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हत्यार कोणते ते विचारत नाही, जनावर कोणते ते विचारतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे. मारणे, विष घालणे, फासात धरणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे ही शिकारच. म्हणजे चोथा पसरला तेव्हाच गुन्हा घडला होता, तीर नंतरचा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत. अभयारण्याच्या हद्दीत घडले तर तीन वर्षे हीच किमान शिक्षा, आणि म्हादई अभयारण्याची हद्द आमच्याकडे कोणाच्या परसातून जाते आणि कोणाच्या नाही, यावर दोन सख्खे भाऊही एकमताने बोलत नाहीत.

टेक्ससची गोष्ट इथे लागू पडत नाही ती आणखी एका कारणाने. तिथले डुक्कर मूळचे तिथले नाही. स्पॅनिश लोकांनी नेलेली पाळीव डुकरे रानात सुटली, पुढे शिकारीसाठी युरोपातली रानडुकरे आणून सोडली, त्यांचा हा विस्तार. तिथे खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने ती मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. आपले रानडुक्कर या रानातलेच, वाघा-बिबट्याचे भक्ष्य. ते पार नाहीसे झाले तर बिबट्या आमच्या गोठ्यात येईल, एवढे गणित मास्तरला जमते.

याचा अर्थ शेतकऱ्याने हात बांधून बसावे असा कोणी काढू नये. शहरात बसून ‘डुकरे कुठे जातील बिचारी’ म्हणणाऱ्यांना मी एका रात्रीसाठी माळ्यावर बोलावतो, घोंगडी देतो. कायद्यातच वाट आहे. कलम ११ नुसार दुसऱ्या अनुसूचीतले जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक ठरले तर मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, कारणे लिहून ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार पंचायतींच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला. विष, स्फोटक आणि वीजप्रवाह मात्र वर्ज्य ठेवले. आपल्याकडे ही परवानगी मागायला गेलो तेव्हा एका कार्यालयाने मला दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने नुकसानीचा पंचनामा आणायला सांगितले आणि पंचनाम्याला माणूस आला तेव्हा सुरणाच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी भरले होते. तो म्हणाला, "डुकराचे पाय दिसत नाहीत."

अशा वेळी माणूस फासकीकडे, म्हणजे जनावर अडकवायच्या फासाकडे, वळतो. ज्याला फासकीची लाज वाटते तो धनुष्याकडे वळतो. फासकी काय करते ते सत्तरीला नव्याने सांगायला नको. केरीत २००९ मध्ये फासकीत सापडलेल्या वाघाचे प्रकरण आम्ही विसरलेलो नाही. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, तेही नाही. अर्धवट नेमाचा तीर ही मला चालती-फिरती फासकीच वाटते. ती लावणारा घरी झोपतो आणि तिच्यात कोण सापडेल ते सकाळी ठरते.

म्हणून वनखात्याला माझे सांगणे एवढेच. मारायची परवानगी द्यायची असेल तर पंधरा दिवसांच्या आत द्या किंवा नाही म्हणा. दिलीत तर ती माळ्यावरून मारायला द्या, कारण वरून मारलेली गोळी मातीत जाते. अंधारात जमिनीवरून डुक्कर समजून माणसाला गोळी घातल्याच्या बातम्या आपणच छापता. मारणारा तपासलेला, बंदूक नोंदलेली, खाली वनरक्षक हजर आणि वाड्याला आदल्या दिवशी दवंडी. जखमी जनावर सापडेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, ही अट पहिल्या ओळीत असावी. मांसाची आशा कोणाला नको, कलम ३९ प्रमाणे ते सरकारचेच. पिल्लांची मादी ओळखायला शिकवा. आणि बोटीवरून येणाऱ्या पोरांना कोणीतरी अधिकाराने सांगा की धनुष्य नेमबाजीच्या मैदानावर शोभते. मी सांगितले, पण मी त्यांचा जुना मास्तर, चहा पाजणारा.

वहिनीच्या हाताचे प्लास्टर निघाले आहे, बोटे अजून पुरती मिटत नाहीत. तिने या हंगामात काजू गोळा करायला माणूस लावला, त्याची मजुरी मी देतो. माळ्याची शिडी काढून मी मांगरात (बागेतल्या खोपीत) ठेवली आहे. परवानगीचा अर्ज जूनमध्ये दिला होता, पोच माझ्यापाशी आहे.

आपला,
एक बागायतदार, सत्तरी
(नाव व पत्ता संपादकांकडे)