वहिनींच्या रिपोर्टमधले ठळक आकडे

जळगाव,
१४ मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

वहिनींचा रिपोर्ट मिळाला. चार पानं, सात ठिकाणी ठळक अक्षरं, आणि खाली तुझा प्रश्न, 'थायरॉईड निघालाय का रे?' निघालाय असं आज कुणालाच म्हणता येणार नाही भो. काळजी करण्यासारखं जे आहे ते थायरॉईडच्या पानावर नाहीच, तिसऱ्या पानावर आहे.

पण आधी या ठळक अक्षरांबद्दल. रिपोर्टवर जी 'नॉर्मल रेंज' छापतात, ती बहुतेक वेळा निरोगी माणसांमधल्या मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे प्रत्येक तपासणीत शंभरातले पाच धडधाकट लोक रेंजच्या बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या ४० तपासण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ८७ टक्के. मोठ्या पॅकेजची मेख इथेच आहे. स्वस्त पडतं म्हणून सगळं तपासायचं, आणि मग कशाला घाबरायचं ते आपणच शोधत बसायचं. वहिनींच्या सातांपैकी चार आकडे किरकोळ आहेत, त्यांच्याकडे बघू नकोस. टीएसएच (थायरॉईडच्या पानावरचं), व्हिटॅमिन बी१२ आणि व्हिटॅमिन डी हे तीन बघू.

टीएसएच ६.८, फ्री टी४ १.१, टी३ ११२. यातला टी३ विसर. थायरॉईड मंदावल्याचा संशय असताना टी३ काही सांगत नाही, तो शेवटपर्यंत ठीक दिसतो. उरलेले दोन मात्र जोडीनेच वाचायचे. टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होत नाही, मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीत होतं. मळ्यातला मालक आणि सालदार डोळ्यांसमोर आण. टीएसएच म्हणजे मालकाची हाक, फ्री टी४ म्हणजे सालदाराने, म्हणजे थायरॉईडने, उरकलेलं काम. सालदार ढिला पडला की हाक वाढते. हाक वाढली आणि कामही कमी, तर थायरॉईड खरोखर मंदावलाय. वहिनींची हाक थोडी चढलीय (रेंज ०.४ ते ४.५), पण काम पूर्ण आहे (०.८ ते १.८). याला सबक्लिनिकल म्हणतात. असे पुष्कळ आकडे दोन-तीन महिन्यांत आपोआप खाली येतात. टीएसएच १० च्या वर टिकून राहिलं तर गोळी सहसा सुरू करतात. ४.५ ते १० च्या मधे असेल तर वय, लक्षणं, अँटी-टीपीओ (थायरॉईडवर उलटलेल्या अँटीबॉडीची तपासणी) आणि दिवस राहण्याचा विचार आहे का, यावर डॉक्टर ठरवतात.

उलटी जोडीही लक्षात ठेव. काम कमी आणि हाकही नाही, म्हणजे फ्री टी४ खाली असूनही टीएसएच 'नॉर्मल', तर मालकच झोपलाय. दोष पियुषिकेत असतो. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेल्या बाईत हे सापडू शकतं, आणि नुसतं टीएसएच बघणाऱ्याच्या हातून निसटतं.

आता ६.८ वर लगेच विश्वास का ठेवायचा नाही ते सांगतो. रक्त सकाळी ७.२० ला घेतलंय. टीएसएच रात्री आणि पहाटे चढतं, दुपारी उतरतं. त्यामुळे पुन्हा तपासशील तेव्हा हीच वेळ, हीच लॅब, उपाशीपोटी. दुपारचा आकडा ५ आला आणि 'कमी झालं' म्हणून पेढे वाटलेस तर फसशील. टायफॉईड-डेंग्यूसारख्या आजारातून उठताना टीएसएच काही आठवडे उगाच वर जातं. वहिनींना मार्चमध्ये ताप होता असं तू लिहिलंयस, म्हणून तर दोन-तीन महिने थांबून बघायचं.

आणि ती केसांची गोळी! डबीवर बायोटिन १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. शरीराला दिवसाला लागतं सुमारे ३०. काही मशीन तपासणीसाठी बायोटिनचाच वापर करतात. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर त्या मशीनवर टीएसएच खोटं कमी दिसतं, फ्री टी४, बी१२ आणि डी खोटे जास्त. उलट दिशा नीट बघ. वहिनींचं खरं टीएसएच ६.८ पेक्षा वर आणि बी१२ दिसतंय त्याहूनही खाली असू शकतं. पुढच्या वेळी रक्त द्यायच्या आधी तीन दिवस ती गोळी बंद, आणि लॅबवाल्याला तसं सांगायचं. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आता तिसरं पान. बी१२ १६८ पिकोग्रॅम. २०० च्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० संशयास्पद. (रिपोर्ट पिकोमोलमध्ये असेल तर आकडा ०.७४ ने भाग, मगच ताडून बघ.) घरात माळ आहे, अंडं-मांस नाही, तेव्हा नवल नाही. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी, मोड आलेली मटकी यांत बी१२ जवळपास नसतंच. शाकाहारात आधार दूध-दह्याचाच. मोठ्या पेलाभर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं, लागतं २ ते २.५. दिवसभरात दोन कप चहातलं दूध म्हणजे दूध पिणं नव्हे.

नुसता १६८ असता तर मी एवढं बोललो नसतो. पण रात्री तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो असं तू लिहिलंयस. हे नसांचं लक्षण आहे, थायरॉईडवर ढकलून दोन महिने वाया घालवू नकोस. नसांचा त्रास जुना झाला की पूर्ण भरून येत नाही. नुसतं बी१२ कमी असेल तर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. तिच्यातलं जेमतेम एक टक्का शोषलं जातं, पण तेवढं बास होतं. मुंग्या-तोल असताना मात्र बहुतेक डॉक्टर इंजेक्शनने सुरुवात करतात. एक चूक टाळ. कुणी नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे खूश होतात आणि आत नसा बिघडत राहतात. इंजेक्शन सुरू झाल्यावर बी१२ पुन्हा मोजू नका, आकडा छप्पर फाडून वर जातो आणि त्याला काही अर्थ नसतो. हिमोग्लोबिन बघा, मुंग्या बघा. नसांना सहा महिनेही लागतात.

त्याच पानावर हिमोग्लोबिन १०.९, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८६, आरडीडब्ल्यू १८.४. एमसीव्ही नॉर्मल म्हणून कुणी 'बी१२ चा संबंध नाही' म्हणेल. तसं नाही. बी१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की बारीक. दोन्ही कमी असले की सरासरी मधोमध येते. केळीच्या घडात वरच्या फण्या जाड आणि खालच्या बारीक असल्या, तरी सरासरी छानच निघेल ना? आरडीडब्ल्यू नेमका हा जाड-बारीक फरक मोजतो आणि तो १४-१५ च्या पुढे गेलाय. तेव्हा फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घे. ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना, कारण त्यात ते खोटं वाढतं. ३० च्या खाली आलं तर लोहाची भर लागणार. जेवणाला लागून चहा बंद, हे आजपासूनच.

डी १४.२. कमी आहे, पण अर्ध्या खान्देशात हेच निघेल. एवढं ऊन असून? ऊन आहे, पण ते अंगावर कुठे पडतं? डोक्याला रुमाल, तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, केळीत काम करणाऱ्या बायांच्या अंगात लांब बाह्यांचा शर्ट. आणि सकाळचं कोवळं ऊन डीच्या कामाचं नाही. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, आणि मे महिन्यात त्या वेळी बाहेर उभं राहा असं मी कुणाला सांगणार नाही. म्हणून औषध. साधारण रीत अशी: ६०,००० युनिटचं एक पाकीट आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, मग महिन्याला एक. चिठ्ठीवरचं 'आठवड्यातून' न वाचता रोज घेणारे असतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतो, मूत्रपिंडावर येतं. दिनदर्शिकेवर रविवारी खूण करून ठेव. जेवणात तूप-तेल असलं की ते चांगलं शोषलं जातं, वरण-बट्टीचा दिवस उत्तम. मुतखड्याची तक्रार असेल तर आधी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघून घ्या. डीचं सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन देतो म्हणाले तर नको म्हण. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी, त्याआधी पैसे घालवू नकोस.

ऑगस्टमध्ये मग टीएसएच, फ्री टी४ आणि एकदाच अँटी-टीपीओ. ते पॉझिटिव्ह आलं तर दुखणं बहुधा हाशिमोटोचं, १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टराने वर्णन केलेलं. पॉझिटिव्ह आल्यावर ते दरवर्षी मोजण्यात हशील नाही. आणि हो, थायरॉईडच्या भीतीने घरातलं मीठ बदलून रोज सैंधव सुरू करू नका. त्यात वेगळं घातलेलं नसेल तर आयोडीन जवळजवळ नसतं.

थायरॉईडची गोळी सुरू झालीच, तर सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. गोळी काम करत नाही असं वाटतं तेव्हा पुष्कळदा गोंधळ इथेच असतो. बाटली शेगडीजवळच्या फळीवर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. तुमच्या चोपड्याच्या ४४-४५ अंशांत ती लवकर बाद होते. आतल्या खोलीतलं थंड, कोरडं कपाट बरं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे तपासायचं नाही. हार्मोन रक्तात स्थिरावायला तेवढा वेळ घेतो, मधला आकडा दिशाभूल करतो. तपासणीच्या सकाळी आधी रक्त, मग गोळी.

या आठवड्यात वहिनींना डॉक्टरांकडे ने आणि मुंग्यांपासून सुरुवात कर, टीएसएचपासून नको. फेरिटिनचं रक्त इंजेक्शनच्या आधीच देऊन टाका. आणि केसांच्या गोळ्यांच्या डबीचा फोटो पाठव, पुढचा नको, मागची बारीक अक्षरं दिसतील असा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र