केसरबाईंच्या शेजारी कोण बसलंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

16 सप्टेंबर आला, केसरबाईंची पुण्यतिथी, की पेपरात ते वाक्य ठरलेलं. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं ‘जात कहाँ हो’ हे गाणं 1977 साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून (रेकॉर्डवरून) अंतराळात गेलं, अभिमान वगैरे. आहेच हो अभिमान, मी फोंडा तालुक्यातलाच. पण त्या तबकडीवर संगीताचे 27 तुकडे आहेत, बाकीचे 26 कोणाचे ते कोण लिहीतच नाही, फार तर बाख आणि बीथोव्हन.

त्यातला एक ब्लाइंड विली जॉन्सनचा. टेक्सासचा माणूस, जन्म 1897, लहानपणीच डोळे गेले, मग गिटार घेऊन रस्त्यावर उभं राहून देवाची गाणी गायची आणि पडतील त्या पैशांवर भागवायचं. लोक त्याला ब्लूजवाला, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी गाणारा, म्हणतात, खरं तर तो आयुष्यभर भजनंच गायला. 1927 ते 1930 या काळात कोलंबिया कंपनीने 30 गाणी घेतली, मग मंदी आली, रेकॉर्डिंग बंद, परत रस्ता. 1945 मध्ये घर जळालं. बायकोने नंतर सांगितलं की दोघं त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर झोपली, थोड्याच दिवसांत हा गेला, दाखल्यावर कारण मलेरिया. थडगं नक्की कुठं, तेही कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं.

तबकडीवरचं गाणं 3 डिसेंबर 1927 ला डॅलसमध्ये रेकॉर्ड झालं. त्यात शब्दच नाहीत. तो नुसता हुंकारतो आणि गिटारची तार घसरत घसरत त्याच्या मागून येते. परवा लाईट गेलेले तेव्हा मोबाईलवर लावलं तर आई आतून म्हणते, कोणाला बरं नाही काय रे? म्हटलं गाणं आहे. मग बाहेर येऊन बसली, ऐकलं, आणि म्हणाली, भजनात बुवा शब्द सोडून नुसता सूर धरतो तसंच आहे, परत लाव. तीनदा लावलं, तोवर बॅटरी संपली.

हा गेला 18 सप्टेंबरला, म्हणजे बाईंच्या तारखेनंतर दोनच दिवस. तेव्हा पुढच्या वर्षी 16 ला बाईंवर लिहाल तेव्हा 18 च्या अंकात याला पण एक कॉलम द्या. फोटो निवडत बसायची कटकट नाही, त्याचा एकच फोटो मिळतो.

आपला,
एक वाचक, म्हार्दोळ