उत्तर पाठवण्याआधी

प्रिय धाकटे,

साहेबांना लिहिलेलं ते लांबलचक उत्तर अजून पाठवलं नसशील, तर आधी हे वाच. परवा फोनवर तू तुझ्या अहवालावरचा त्यांचा एकेक आक्षेप आणि त्यावरचं तुझं म्हणणं सांगत होतीस. तुझं म्हणणं खोटं आहे असं मला मुळीच वाटत नाही. आकडे तुझ्या हातात उशिरा आले असतील, काम दुसऱ्या कुणाकडे अडकलं असेल. तरीही ते पाठवू नकोस.

इकडे मलाही आता हाताखालच्या माणसांना त्यांच्या कामातलं उणं सांगावं लागतं. ते सोपं नसतं गं. सांगणारा आदल्या रात्रीपासून शब्दांची जुळवाजुळव करत असतो. आणि समोरच्याने पहिल्याच वाक्याला ‘पण’ म्हणून एक कारण दिलं, दुसऱ्याला दुसरं दिलं, की तिसरं वाक्य सांगणाऱ्याच्या तोंडातच राहतं. ‘बरं, ठीक आहे’ म्हणून तो उठतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण पटवून दिलं. बहुतेकदा ते तिसरं वाक्यच सगळ्यात कामाचं असतं, आणि पुढच्या खेपेला पहिलं वाक्यही कुणी बोलत नाही.

उलट टोकही तितकंच वाईट. काही जण जरा काही सांगितलं की इतके ओशाळतात, इतक्यांदा माफी मागतात, की सांगणाऱ्यालाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं आणि मुद्दा राहून जातो.

सांगणारा गप्प झाला की काय होऊ शकतं, ते बघ. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. एक विमान उड्डाणासाठी धावू लागलं असताना त्यातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, दुसरं विमान धावपट्टीवरून हटलेलं नाही का? कप्तानाने ठामपणे सांगितलं, हटलंय. मग पुन्हा कुणी विचारलं नाही. अपघाताची कारणं अनेक होती. पण नंतरच्या वर्षांत वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने शंका बोलून दाखवणं आणि कप्तानाने ती ऐकून घेणं, या दोन्ही गोष्टी मुद्दाम शिकवल्या जाऊ लागल्या. तुझ्या अहवालावर कुणाचा जीव अवलंबून नाही, हे खरं. पण एका ठाम उत्तराने समोरचा गप्प होतो, हे सगळीकडे सारखंच आहे.

‘म्हणजे मी निकामीच’ असं तू शेवटी म्हणालीस, ते मला फार लागलं. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायांवरचे पुष्कळ जुने अभ्यास एकत्र तपासले. अभिप्रायाने सरासरीत काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते उलट बिघडतं, असं त्यांना दिसलं. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं की असं होतं, अशी त्यांची मांडणी होती. साहेब अहवालाबद्दल बोलले. निकामी हा शब्द त्यांचा नाही, तुझा आहे.

तेव्हा आता एवढं कर. त्यांचा थोडा वेळ माग आणि म्हण, ‘तुम्ही मांडणी विस्कळीत आहे म्हणालात, ती नेमकी कुठे वाटली ते दाखवाल का?’ ते सांगतील ते लिहून घे. मग तुला जे समजलं ते तुझ्या शब्दांत त्यांना सांग. अर्धे गैरसमज तिथेच मिटतात. लगेच हो म्हणायची गरज नाही. ‘विचार करून उद्या सांगते’ हे उत्तर अगदी सभ्य आहे. आणि दुसऱ्या दिवशीही एखादी गोष्ट पटली नाही, तर ती एकच गोष्ट, कारणासकट, शांतपणे सांग. सगळं मान्य कर, असं मी म्हणत नाही.

त्यांनी हे चारचौघांत सुनावलं, ते मात्र मला पटलेलं नाही. त्याबद्दलही बोल, पण वेगळं, एकांतात, आणि अहवालाचं बोलणं पूर्ण झाल्यावर. दोन्ही एकत्र केलंस, तर तुझ्या रास्त तक्रारीलाही ते सबब समजतील.

पुढच्या अहवालात त्यांच्या सूचनेवरून काय बदललंस ते त्यांना आपणहून दाखव. सांगणाऱ्याला याहून मोठी पावती नसते.

भेट झाली की मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. ती. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई