१ जून न लिहिणाऱ्या गुरुजींना

गुरुजी,
सादर नमस्कार.

परवा गावातल्या एका लेकीला नोकरीच्या कागदपत्रांसाठी शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा लागला. रजिस्टर उघडलं तर तुमच्या निळ्या-काळ्या शाईतली ओळ जशीच्या तशी. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही जुळणाऱ्या, शेजारी आईचा अंगठा. काम पाच मिनिटांत झालं. त्याच कपाटातल्या तुमच्या आधीच्या रजिस्टरात ज्यांची नावं आहेत, ती माणसं मात्र अजून तालुक्याला हेलपाटे घालताहेत.

ती जुनी पानं उलटली की कुणाचंही डोकं फिरावं. १ जून, १ जून, परत १ जून. जूनमध्ये शाळा भरायची, पोराला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की सहा पूर्ण. उंच पोर पाचव्या वर्षीच कान धरतं, अशक्त पोराला सातव्यालाही जमत नाही, हे काय लिहिणाऱ्यांना दिसत नव्हतं? जुळे नसताना दोन सख्खे भाऊ एकाच दिवशी जन्मलेले आहेत आपल्या गावात! खाडाखोड वेगळीच. तारीख नुसती अंकात, त्यात घाईत काढलेला १ हा ९ वाटतो, आणि अक्षरी रकाना कोरा. मग त्या आकड्याचा निवाडा कोण करणार?

तुम्ही दहा मिनिटं दिलीत. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी ती दहा मिनिटं आम्ही विसरू शकत नाही. पोराला घेऊन बाप आला तर तुम्ही त्याला परत पाठवायचात, “आईला घेऊन या.” ती आली की तिला बाकावर बसवून, पाणी देऊन विचारायचात: शेतात तेव्हा काय उभं होतं? ज्वारी हुरड्यात होती की खळ्यावर? कुठला सण जवळ होता? धोंड्याचा महिना होता का? या शेवटच्या प्रश्नाची गंमत नव्या मास्तरांना कळायला हवी. धोंडा साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. त्या काळात १९९३, १९९६ आणि १९९९ साली आला. आई “धोंड्यातला आहे” म्हणाली की वर्षाचा घोळ तिथंच मिटतो. एखादी म्हणायची, किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, म्हणजे २ ऑक्टोबर. ज्यांना नुसती तिथी आठवायची, त्यांच्यासाठी तुमच्या पेटीत जुनी पंचांगं होतीच. चूक झाली तर खरवडायचं नाही. एक आडवी रेघ, वर दुरुस्ती, शेजारी तांबड्या शाईत सही.

चार-सहा महिन्यांनी काय बिघडतं, असं हसून म्हणणारेही होते. पोरींचं बिघडतं. दाखल करताना वय सव्वा वर्षानं वाढवून लिहिलं की पावणेसतराव्या वर्षी ती कागदावर अठराची होते, आणि मांडव घालणाऱ्यांना अडवायला कुणाच्या हातात काही राहत नाही. तुमच्या रजिस्टरातल्या मुलींच्या बाबतीत कागदाची ही पळवाट कुणाला मिळाली नाही.

आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागतो, तेव्हा हा प्रश्न हळूहळू मिटेल. पण आधीच्या पिढीचा पसारा तुमच्याच गळ्यात आहे, आणि निवृत्तीनंतरही तुम्ही तो आनंदानं घेतलात. बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसता. श्रावणबाळ योजनेला पासष्ट पूर्ण झाल्याचा कागद हवा, आणि आजीच्या आधारवर नुसतं साल, नाहीतर १ जानेवारी. (जून गेला, जानेवारी आला, एवढाच फरक!) आधारवरची तारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून आधी पुरावा हातात घ्या, मग केंद्रावर जा, हे तुम्ही प्रत्येकीला दोनदा सांगता. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू देत नाही, कारण ती पिवळी पडते आणि उचकटताना अक्षरं घेऊन जाते. मैद्याची खळ, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, वर पातळ कागद. कपाट भिंतीपासून वीतभर लांब, विटांवर. हे काम ज्यांच्या पगारात बसतं त्यांनी ते कधी केलं नाही. असो.

एक राहिलं. तुमच्या सेवापुस्तकातही जन्मतारीख १ जूनच आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे रोजी भर सुट्टीत तुमचा निरोप झाला. वर्गाला कुलूप, अंगणात एक पोर नाही. तुमच्या आईनं तुम्हाला खरा दिवस नक्की सांगितला असणार. तो कळवा, गुरुजी. शाळा भरलेली असेल तर त्याच दिवशी सगळी पोरं घेऊन येतो.

आपले,
समस्त गावकरी