सुटी वचनं नकोत, अख्खं पुस्तक वाचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आजची तरुण मुलं बायबल वाचत नाहीत’ ही तक्रार मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बैठकांत नेहमीची झाली आहे, आणि वाचकांच्या पत्रांतही ती अधूनमधून डोकावते. संडे स्कूल आणि तरुण संघात मी बरीच वर्षं शिकवते आहे, म्हणून थोडं लिहावंसं वाटलं. मुलं वाचत नाहीत हे खरं आहे. पण वाचायचं कसं, हे आपण त्यांना कधी दाखवलंय? आपण पाठ करायला शिकवलं, क्विझमध्ये सगळ्यांत आधी हात वर करायला शिकवलं. सतरा-अठराव्या वर्षी मुलाच्या तोंडी बायबलमधली शंभर वचनं (क्रमांक दिलेली वाक्यं) असतात आणि त्यातलं एखादं कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणालं असं विचारलं की तो गप्प होतो.

पाठांतराला माझा विरोध नाही. संकटात आठवतं ते पाठ केलेलंच. पण सुटं काढलेलं वचन कसं फसवतं, हे मुलांना दाखवायला हवं. ‘तुझा आरंभ लहान असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल’ या अर्थाचं वचन शुभेच्छापत्रांवर हमखास दिसतं. ते आहे जुन्या करारातल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात, आणि बोलणारा देव नव्हे, ईयोबाचा मित्र बिल्दद आहे. याच बिल्ददाने तीनच वचनं आधी, मुलं गमावून बसलेल्या ईयोबाला, ‘तुझ्या मुलांनी पाप केलं म्हणून ती गेली’ असं सुचवलं आहे. पुढे ४२व्या अध्यायात देव या मित्रांवर रागावतो आणि ‘तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत’ असं सांगतो. गंमत म्हणजे त्याच अध्यायात ईयोबाचा शेवट खरोखर आरंभापेक्षा भरभराटीचा होतो. म्हणजे बिल्दद बरोबर होता की चूक? हा प्रश्न तरुणांपुढे ठेवून पाहा. तासभर बोलतात. शुभेच्छापत्र वाचून कुणी पाच मिनिटंही बोलत नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चं तेच. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वचन परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला कुणीतरी पाठवतंच. पण ते यिर्मयाने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाने उलट कळवलं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, सत्तर वर्षं लागणार आहेत. म्हणजे हे अभिवचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यापैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. एवढं कळल्यावर वचन फिकं पडत नाही, उलट जड होतं. नापास झालेल्या मुलालाही मग ते वाचता येतं.

संदर्भ तोडून वचन वापरणं किती जुनं आहे पाहायचं असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा, जिथे सैतान येशूची परीक्षा घेतो. सैतान स्तोत्र ९१ मधलं वचन जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवतो. क्विझमध्ये त्याला पूर्ण गुण मिळाले असते.

यावर माझा उपाय फार साधा आहे. मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे मार्काने सांगितलेली येशूची कथा, घ्या. सोळा अध्याय, सगळ्यांत लहान शुभवर्तमान. मोठ्याने वाचलं तरी दोन तासांच्या आत संपतं. एका बैठकीत सलग वाचू द्या, मध्ये प्रवचन नको. अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत, हे मुलांना आवर्जून सांगा. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, इंग्लंडमधले आर्चबिशप स्टीफन लँगटन यांच्या नावावर आहे. नव्या करारातल्या वचनांना आजचे क्रमांक रॉबर्ट एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. प्रेषित पौलाची पत्रं तर मंडळीत पूर्ण वाचून दाखवण्यासाठीच होती. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी तो स्वतःच सांगतो की हे पत्र लावदिकीया या शेजारच्या शहरातल्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. पत्राचं चौथं पान तेवढं रोज दोन ओळी असं कुणी वाचत नाही.

सलग वाचून झालं की वही आणि पेन्सिल. काय दिसलं तेवढंच लिहायचं, ‘मला काय शिकवण मिळाली’ ते नंतर. आपल्याकडे मुलांना शिकवणीवर उडी मारायची इतकी सवय लावली आहे की कोणताही उतारा दिला तरी उत्तर ठरलेलं: विश्वास ठेवावा, प्रार्थना करावी. मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराची मुलगी बारा वर्षांची आहे आणि वाटेत भेटलेली बाई बारा वर्षं आजारी आहे. हे एखाद्या मुलीच्या स्वतःच्या लक्षात आलं की तिचा चेहरा पाहावा. त्याच अध्यायात येशू बऱ्या झालेल्या भूतग्रस्ताला ‘घरी जाऊन सांग’ म्हणतो आणि याईराच्या घरी ‘कुणाला कळू देऊ नका’ म्हणतो. असं का? इथे शिक्षकाची खरी कसोटी असते. उत्तर आपल्याला ठाऊक असतं, निदान तसं वाटत असतं, आणि जीभ शिवशिवते. गप्प बसावं. मुलांनी आधीची चार पानं पुन्हा चाळावीत, जागा कोणती, माणसं कोणती ते पाहावं, एकमेकांशी वाद घालावा. भाष्यग्रंथ त्यानंतर. आता तर फोनला विचारलं की क्षणात तयार उत्तर मिळतं, म्हणून हा क्रम जास्तच सांभाळायला हवा.

पाळकांची आणि पालकांची भीती मला माहीत आहे: मुलं एकेकटी वाचू लागली तर वाटेल तो अर्थ काढतील. भीती अगदीच खोटी नाही. पौलाच्या पत्रांत समजायला कठीण अशा गोष्टी आहेत आणि लोक त्यांचा विपर्यास करतात, असं पेत्राच्या दुसऱ्या पत्रातच म्हटलं आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणारा कूशी (इथिओपियाचा) अधिकारीही फिलिप्प या प्रचारकाला म्हणतो की कुणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसं समजेल? पण क्रम पाहा. तो आधीपासून वाचत होता, आणि प्रश्न त्याचा स्वतःचा होता: संदेष्टा हे कुणाविषयी म्हणतो? फिलिप्पाने तिथूनच सुरुवात केली. आणि बिरुया या गावचे लोक? प्रत्यक्ष पौल सांगतोय ते खरं आहे का, हे ते रोज शास्त्रात शोधून पाहत होते. प्रेषितांची कृत्ये १७:११ त्यांना उद्धट म्हणत नाही, मोठ्या मनाचे म्हणते. आपल्या मंडळीत एखाद्या मुलाने रविवारच्या संदेशाची अशी पडताळणी केली तर आपण त्याला काय म्हणू?

ही केवळ प्रॉटेस्टंटांची हौस आहे असंही नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सर्वच कॅथलिक श्रद्धावंतांना शास्त्राचं वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला. त्या दस्तऐवजात संत जेरोम यांचं जुनं वाक्य आहे: शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान.

अवघड गोष्टी लपवू नयेत, हे मात्र मी हट्टाने सांगेन. मार्काच्या शेवटची बारा वचनं सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. कित्येक बायबलांत तशी तळटीपही असते. चौकस मूल ती वाचतंच. आपण शांतपणे समजावलं तर तो अभ्यासाचा एक विषय होतो. टाळलं तर तेच मूल रात्री एखाद्या व्हिडिओत ‘चर्चने दडवलेलं सत्य’ म्हणून तेच ऐकतं, आणि मग त्याला शंका हस्तलिखिताची येत नाही, आपली येते.

सुरुवात कुठून करावी असं विचारतात. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने निघालेले बहुतेकजण लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात. मार्कानंतर रूथ आणि योना, दोन्ही चार-चार अध्यायांची. मग फिलिप्पैकरांस पत्र. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाची घाई नको, मुलं कितीही मागे लागली तरी.

वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती. पुढच्या शिबिरात क्विझचा एक तास काढून तिथे असं वाचन ठेवा. तुम्हीही जरूर येऊन बसा, पण पहिला अर्धा तास एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, या अटीवर.

आपली,
संडे स्कूलची एक शिक्षिका